नदीचा चिखल समुद्रतळावर कुठे आणि कसा साठतो?

खाडीकाठ

पुराच्या काळातली उपग्रहचित्रं पाहिली तर नदीमुखातून निघालेला तपकिरी पाण्याचा पट्टा, म्हणजे प्ल्यूम, किनाऱ्याला चिकटून जाताना दिसतो. तळाचा नकाशा मात्र वेगळंच सांगतो. उत्तर कॅलिफोर्नियातली ईल नदी घ्या. १९९० च्या दशकात तिच्या पुरांचा बारकाईने अभ्यास झाला. गढूळ पाणी बहुतांशी ४० मीटर खोलीच्या रेषेच्या आतच राहिलं. पुराच्या चिखलाचा नवा थर सापडला तो ७० मीटर खोलीच्या आसपास, नदीमुखाच्या उत्तरेला, जाडी काही ठिकाणी सुमारे ८ सेंमी.

भूखंडमंचावर (शाळेच्या पुस्तकातली समुद्रबूड जमीन) असं बऱ्याच ठिकाणी दिसतं: किनाऱ्यालगत वाळू, मधे चिखलाचा पट्टा, बाहेर पुन्हा वाळू. माझे प्रश्न तीन.

चिकणमातीचा कण इतका बारीक की त्याला तळाशी बसायला महिने लागावेत. मग तो मंचावर थांबतोच कसा? बसल्यावर तो किनाऱ्यालगत न राहता मधल्या खोलीत का जाड होतो? आणि ‘वर्षाला इतके मिलिमीटर’ हे आकडे काढतात कसे, त्यांच्यावर विसंबायचं किती?

पोयटा

पहिल्या प्रश्नाचं सांगतो. सुट्या कणाचं गणित केलं तर तुमची शंका रास्त आहे. २ मायक्रॉनचा कण आणि खनिजाची घनता घनमीटरला २६५० किलो धरली, तर स्टोक्सच्या नियमाने (संथ पाण्यात बारीक कण किती वेगाने बुडतो ते सांगणारा नियम) वेग येतो सेकंदाला ०.००३५ मिमी. दिवसाला जेमतेम ३० सेंमी. ५० मीटर उतरायला साडेपाच महिने. व्यास दहापट झाला की वेग शंभरपट होतो, त्यामुळे २० मायक्रॉनचा पोयट्याचा कण तेच अंतर पावणेदोन दिवसांत कापतो.

समुद्रात चिकणमाती सुटी राहतच नाही. कणाच्या पृष्ठावर ऋण भार असतो, म्हणून गोड्या पाण्यात कण एकमेकांना दूर लोटतात. क्षारता हजारी दोन-चार झाली की सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियमचे धन आयन तो भार झाकतात आणि आदळलेले कण चिकटून राहतात. जिवाणू आणि सूक्ष्म शैवालं सोडतात ती चिकट शर्करा त्यांना आणखी घट्ट बांधते. असे पुंजके, म्हणजे फ्लॉक, १०० मायक्रॉनपासून मिलिमीटरभर आकाराचे होतात. मोठ्या पुंजक्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. तरी आकारामुळे ते सेकंदाला ०.१ ते १ मिमी वेगाने उतरतात. १ मिमीच्या वेगाने ५० मीटर चौदा तासांत होतात.

पुंजका किती मोठा होणार हे कणांची दाटी आणि पाण्याची घुसळण ठरवते. घुसळण थोडी हवीच, नाहीतर कण एकमेकांवर आदळणार कसे? जास्त झाली की पुंजके फाटतात. नदीमुखाबाहेर दाटी भरपूर असते आणि घुसळण कमी होत जाते, त्यामुळे पहिल्या काही किलोमीटरांतच प्ल्यूममधला बराच गाळ खाली गळतो. उपग्रहाला दिसतो तो वर उरलेला भाग.

गाळाचं संगणकी मॉडेल चालवणाऱ्यांनी एक जपावं. प्रयोगशाळेत कणांचा आकार मोजताना नमुन्यात सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घालून पुंजके मोडतात. मिळणारा आकडा सुट्या कणांचा असतो. त्यावरून काढलेला वेग मॉडेलमध्ये घातला की सगळा चिखल मंच ओलांडून खोल समुद्रात पोचलेला दिसतो. बसण्याचा वेग जागेवरच, पाण्यात बुडवलेल्या कॅमेऱ्याने किंवा लेझर उपकरणाने मोजावा. बाटलीत भरून वर आणलेल्या पाण्यातले पुंजके वाटेतच मोडलेले असतात.

लाटमापी

पोयटा यांच्याशी सहमत. पण पुंजका जिथे पहिल्यांदा तळाला टेकतो तो त्याचा पहिला मुक्काम. पुढचं सगळं लाटांच्या हातात.

लाटेचा तळावरचा वेग तिच्या उंचीइतकाच तिच्या आवर्तकाळावर (एका लाटेमागून दुसरी यायला लागणाऱ्या वेळावर) अवलंबून असतो, आणि हे आकडे एकदा नजरेखालून घालावेत असे आहेत. २ मीटर उंच, ६ सेकंदांची स्थानिक वाऱ्याची लाट घ्या. २० मीटर खोलीवर ती तळाशी सेकंदाला २० सेंमीचा येजा-वेग देते. ६० मीटरवर फक्त ३ मिमी, म्हणजे काहीच नाही. आता दूरच्या वादळातून आलेली ४ मीटर उंच, १२ सेकंदांची लाट घ्या. तिचा तळाशी वेग:

३० मीटरवर सेकंदाला ८२ सेंमी
४५ मीटरवर ५४ सेंमी
६० मीटरवर ३७ सेंमी
९० मीटरवर १७ सेंमी

ताजा चिखल हलायला ०.०५ ते ०.१ पास्कल ताण पुरतो. काही आठवडे दबून पाणी निघालेल्या चिखलाला याच्या कितीतरी पट ताण लागतो. वरच्या लाटेत ९० मीटरवरसुद्धा ताजा चिखल हलू शकतो. ३० मीटरवर तर बारीक काही टिकणारच नाही. किनाऱ्यालगत वाळू उरते ती यामुळे. चिखल तिथे पडतो, पण पुढच्या उधाणात, म्हणजे मोठ्या लाटा आल्या की, उचलला जातो.

म्हणून ‘पडणं’ आणि ‘साठणं’ हे दोन वेगळे हिशेब ठेवले पाहिजेत. चीनच्या चांगज्यांग (यांगत्से) नदीमुखाबाहेर पुराच्या हंगामात महिन्याला काही सेंटिमीटर चिखल पडतो. शंभर वर्षांच्या सरासरीने तिथे वर्षाला साधारण तेवढाच साठतो. मधला फरक हिवाळी वादळं उचलून नेतात.

खाडीकाठ

म्हणजे ३० मीटरवर उचललेला चिखल ६०-७० मीटरवर जातो. पण कोणत्या जोरावर? लाटेचा वेग येजा करणारा, निव्वळ वाहतूक जवळपास शून्य. प्रवाह तर बहुधा किनाऱ्याला समांतर. आणि मंचाचा उतार अर्ध्या अंशाहूनही कमी.

उतारवाट

हा प्रश्न कित्येक वर्षं अडून होता. अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयाच्या पैशाने ईलच्या समुद्रात ‘स्ट्राटाफॉर्म’ प्रकल्प चालला, तेव्हा तळावर उभ्या केलेल्या तिपायांवरच्या ध्वनिउपकरणांनी याचं उत्तर दिलं. वादळात तळाला चिकटून साधारण १० सेंमी जाडीचा अतिशय दाट थर दिसला आणि तो उतारावरून बाहेर सरकत होता. याला फ्लुइड मड म्हणतात, आपण पातळ चिखल म्हणू. लिटरमागे १० ग्रॅमच्या वर गाळ गेला की पुंजके एकमेकांच्या आड येतात, पाणी वर निघायला वाट उरत नाही आणि बसण्याचा वेग झपाट्याने पडतो. थर दाट राहतो, पण वाहता राहतो.

इतक्या सपाट तळावर असा थर स्वतःच्या वजनावर फार वेळ वाहू शकत नाही. घर्षणाने मंदावतो, घुसळण संपते आणि गाळ बसतो. इथे लाट कामाला येते. ती गाळ ढकलत नाही, फक्त तरंगता ठेवते. ढकलण्याचं काम गुरुत्वाकर्षणाचं. प्रवाह बाहेर जातो तो या दोघांच्या भागीदारीमुळे.

आकड्यांत पाहू. लाटेच्या तळथरात गाळ किती मावेल याला मर्यादा आहे. गाळ वाढला की घनतेतला फरक घुसळण दाबतो आणि रिचर्डसन अंक (हा फरक घुसळणीपुढे किती भारी ते सांगणारा आकडा) पाव झाला की आणखी गाळ तरंगत नाही. तळाशी वेग सेकंदाला ५० सेंमी असेल (लाटमापी यांच्या लाटेत ४५-५० मीटर खोलीवर तो जवळपास एवढाच आहे), तर या मर्यादेने चौरस मीटरमागे १० ते ११ किलो सुका गाळ तरंगू शकतो. १० सेंमीच्या थरात तो पसरला तर लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम. घर्षण गुणांक ०.००३५ आणि उतार हजारी ५ (सुमारे ०.३ अंश) धरला की थराचा बाहेर जाण्याचा वेग लाटेच्या वेगाच्या ३६ टक्के येतो, म्हणजे सेकंदाला १८ सेंमी. १० किमी जायला पंधरा-सोळा तास. एका वादळात होण्यासारखं काम आहे.

मधल्या खोलीत जाडी का वाढते, ते यातच दडलंय. मावणारा गाळ वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो आणि बाहेर जाण्याचा वेग वेगाच्या पहिल्या घाताप्रमाणे, म्हणून वाहतूक घनाप्रमाणे. ४५ मीटरवर ५४ आणि ६० मीटरवर ३७ सेंमी हे आकडे घ्या. त्यांचं गुणोत्तर ०.६८५, त्याचा घन ०.३२. उतार तोच राहिला तर ४५ मीटर ओलांडून आलेल्या गाळापैकी ६० मीटरपलीकडे जेमतेम एक-तृतीयांश जाऊ शकतो. बाकीचा मधल्या पट्ट्यात खाली बसणारच. प्ल्यूम वर कुठे होता याचा इथे संबंधच येत नाही.

उतार वाढला की चित्र पालटतं. याच गुणांकांनी हजारी १४ च्या आसपास उतार झाला की थर लाटेच्या मदतीशिवायही घुसळण टिकवू शकतो. असा उतार मंचावर क्वचित मिळतो. पण मंचाची कड ओलांडली किंवा समुद्रातली घळ मंचात आत शिरलेली असली की मिळतो, आणि मग चिखल थेट खोल समुद्रात जातो. ईलच्या मुखाजवळही अशी घळ आहे. नदीने आणलेल्या गाळातला निम्म्याहून खूप कमी गाळ मंचावर सापडतो, त्याचं एक कारण ही घळ.

नवा_वाचक

छान चर्चा. पण पुराचं पाणीच इतकं गढूळ असतं की ते समुद्राच्या पाण्याखाली बुडी मारतं, असंही वाचलं होतं. मग लाटांची गरज काय?

उतारवाट

तसं होतं, पण मोजक्या नद्यांत. गोड्या पाण्याला समुद्राच्या पाण्याहून जड व्हायला लिटरमागे ३६ ते ४३ ग्रॅम गाळ लागतो, समुद्र किती उबदार आणि खारा आहे त्यानुसार. मोठ्या नद्या इतक्या दाट होत नाहीत. पाणलोट एवढा विस्तीर्ण की एका वादळाचा गाळ उरलेल्या पाण्यात पातळ होतो. डोंगरातून थेट समुद्रात उतरणाऱ्या छोट्या नद्या ही मर्यादा गाठतात. तैवानमध्ये ऑगस्ट २००९ च्या मोराकोट वादळात गाओपिंग नदीच्या पुरानंतर समुद्रातल्या घळीतून गाळाचे लोट सुटले आणि तळावरच्या दूरसंचार केबल तुटल्या.

एक मधला मार्गही आहे. प्ल्यूम वर तरंगत असतानाच त्याच्या तळातून गाळाच्या जड धारा सुटून खाली उतरू शकतात. टाकीतल्या प्रयोगांत हे लिटरमागे ५ ग्रॅमच्याही खाली घडलेलं आहे. काही झालं तरी गाळ तळाशी पोचल्यावर सपाट मंचावर पुढे जायला लाट किंवा भरतीचा प्रवाह लागतोच.

भरतीरेषा

ईल हे एक उदाहरण, सगळीकडे तेच लागू करू नये. तिथे पूर आणि उधाण एकाच हिवाळी वादळातून येतात, म्हणून गाळ पडता पडता उचलला जातो. दोन्हींची वेळ वेगळी असेल तर चिखलाचा पत्ता बदलतो.

चांगज्यांगचा पूर उन्हाळ्यात येतो, समुद्र तेव्हा तुलनेने शांत. गाळ मुखाशी थांबतो. हिवाळ्यात उत्तरेचे वारे सुटतात, लाटा तो उचलतात आणि किनारी प्रवाह दक्षिणेला नेतो. अशाने नदीमुखापासून तैवानच्या सामुद्रधुनीपर्यंत सुमारे ८०० किमी लांब चिखलाची पट्टी तयार झाली आहे. २०-३० मीटर खोलीवर ती ४० मीटरपर्यंत जाड आहे आणि ८०-९० मीटर खोलीवर संपते. ही सारी गेल्या सहा-सात हजार वर्षांची, समुद्रपातळी स्थिरावल्यानंतरची जमा. त्याआधी, सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, पाणी आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होतं. आजच्या मंचाचा बहुतेक भाग तेव्हा उघडी जमीन होता.

ॲमेझॉन आणि गंगा-ब्रह्मपुत्रा दोघींचा गाळ वर्षाला शंभर कोटी टनांच्या घरात. इतका पुरवठा झाला की पाण्याखाली त्रिभुज प्रदेशच उभा राहतो: वर सपाट माथा, मग जरा तीव्र उतार, मग पुन्हा सपाट पायथा. माथ्यावर लाटा आणि भरती काही साठू देत नाहीत. सगळी वाढ उताराच्या तोंडावर होते. ॲमेझॉनच्या या उतारावर वर्षाला १० सेंमीपर्यंत साठा होतो, मंचावर मोजल्या गेलेल्या सर्वांत वेगवान दरांपैकी हा एक. बंगालच्या उपसागरात उताराच्या पश्चिम टोकाला ‘स्वॉच ऑफ नो ग्राउंड’ ही घळ मंच कापत आत आली आहे, आणि मंचावरून सरकणारा बराच चिखल तिच्यात पडतो.

ॲमेझॉनचा काही चिखल तर मंचावर थांबतच नाही. तो दहा ते साठ किमी लांबीच्या चिखलबांधांच्या रूपाने गयानाच्या किनाऱ्याने वायव्येला, थेट ओरिनोको नदीच्या मुखाच्या दिशेने सरकत राहतो, वर्षाला किलोमीटर ते काही किलोमीटर. बांध समोर असेल तोवर किनारा वाढतो, तिवरं रुजतात. बांध पुढे गेला की तोच किनारा लाटा खातात.

पातळ चिखल लाटांची ताकदही शोषतो. केरळात अलप्पुळा परिसरात नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या ऐन खवळलेल्या दिवसांत ‘चाकरा’ पडते, ती हीच. किनाऱ्याजवळ चिखल तरंगता होतो, लाटा त्यात विरतात आणि शांत पाण्याचा तुकडा तयार होतो. म्हणजे लाट चिखल हलवते आणि हललेला चिखल लाट मारतो. मॉडेलमध्ये हे दुसरं टोक धरलं नाही तर उथळ पाण्यातली झीज फुगून येते.

आणि बाहेरच्या वाळूबद्दल. भारताच्या पश्चिम मंचावर साधारण ५०-६० मीटरपर्यंत चिखल आहे आणि त्यापलीकडे वाळू, शंखशिंपल्यांचा चुरा, चुनखडी. ती वाळू आजच्या लाटांनी चाळून ठेवलेली नाही. पाणी खाली होतं तेव्हाच्या किनाऱ्याची ती उरलेली खूण आहे आणि चिखल अजून तिथवर पोचलेला नाही. ‘वाळू म्हणजे जोर जास्त’ असा सरसकट अर्थ काढला की इथे फसगत होते.

गाभानळी

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. दर काढायचा तर आधी नमुना धड हवा, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो.

कोअर म्हणजे तळात नळी किंवा पेटी खुपसून काढलेला चिखलाचा उभा नमुना. लांब ग्रॅव्हिटी कोअर (स्वतःच्या वजनाने तळात घुसणारी नळी) वरचा थर गमावतो. नळी खाली येताना पुढचं पाणी ढकलते आणि सगळ्यात ताजा, सायीसारखा चिखल बाजूला उडतो. वरच्या ५० सेंमीसाठी बॉक्स कोअर (पेटीने कापलेला नमुना) किंवा मल्टिकोअर (एकदम अनेक छोट्या नळ्या) वापरावा. शेवटचे १०-१५ मीटर विंच अगदी सावकाश सोडावी. डेकवर आल्यावर आधी चिखलावरचं पाणी बघा. नितळ असेल तर ठेवा. गढूळ असेल किंवा पाणीच नसेल तर तो कोअर दरासाठी धरू नका. पाणी ओतून टाकायचं नाही, बारीक नळीने शोषून काढायचं. मग वरच्या १० सेंमीच्या १-१ सेंमीच्या चकत्या, खाली २ सेंमीच्या. प्रत्येक चकतीची कड सेंटिमीटरभर कापून टाका, कारण नळीच्या भिंतीला घासून वरचा चिखल खाली ओढला जातो. शेजारच्या कोअरमधून २ सेंमी जाडीची उभी फळी काढून तिचा एक्सरे घ्या. पुराचे थर, बिळं, वाळूच्या रेघा डोळ्याला दिसत नाहीत पण एक्सरेत स्पष्ट येतात.

आता काळ मोजणारी किरणोत्सारी मूलद्रव्यं. बेरिलियम-७ चा अर्धायुकाल ५३ दिवस. ते वातावरणात बनतं, पावसाने जमिनीवर येतं. मंचाच्या चिखलात भरपूर सापडलं तर तो गाळ नदीतून गेल्या काही महिन्यांतच आला. थोरियम-२३४ चा अर्धायुकाल २४ दिवस. ते समुद्राच्या पाण्यातल्या युरेनियमपासून बनतं, म्हणून गाळ अलीकडे पाण्यात तरंगला होता एवढंच ते सांगतं, नदीतून आला की तळावरून उठला ते नाही. दोन्ही मिळून वाचावीत. थोरियमचा नमुना लगेच मोजायचा आणि चार-पाच महिन्यांनी पुन्हा, म्हणजे खनिजातलं कायमचं थोरियम वजा करता येतं.

शतकाच्या दरासाठी शिसे-२१०, अर्धायुकाल २२.३ वर्षं. त्यातून रेडियम-२२६ मुळे कायम असणारा भाग वजा करा. गॅमा पद्धतीत त्यासाठी नमुना हवाबंद डब्यात तीन आठवडे ठेवावा लागतो, नाहीतर रेडॉन निसटतो आणि रेडियम कमी दिसतं. उरलेलं ‘जादा’ शिसे खोलीबरोबर घटतं. ११ सेंमी खाली ते निम्मं झालं तर दर वर्षाला साधारण अर्धा सेंमी. चार-पाच अर्धायुकालांनंतर मोजण्याइतकं काही उरत नाही, म्हणजे पोच सुमारे शंभर वर्षांची.

या पोचेमुळेच एक फसगत होते. दर वर्षाला ५ सेंमी असेल तर शंभर वर्षांचा चिखल ५ मीटर जाड. ५० सेंमीच्या बॉक्स कोअरमध्ये दहाच वर्षं येतात आणि शिसे वरपासून खालपर्यंत जवळपास सारखं दिसतं. त्याला ‘सगळं ढवळलेलं’ असं नाव पडतं, प्रत्यक्षात साठा वेगवान असतो. अशा जागी ३ मीटरचा कास्टन कोअर (चौकोनी नळीचा लांब कोअर) घ्यावा आणि तोही पुरेल का, हे आधी ध्वनिछेदात (ध्वनी पाठवून काढलेल्या तळाखालच्या थरांच्या उभ्या चित्रात) पाहून ठरवावं.

बिळकर

याच्या उलट फसगत जास्त होते. किडे, खेकडे, शिंपले तळाचा वरचा थर सतत ढवळत असतात, जगभरच्या सरासरीने वरचे साधारण १० सेंमी. ढवळण्यानेही शिसे खाली जातं आणि खोलीबरोबर छान घटत जाणारा आलेख मिळतो. साठा शून्य असला तरी! ढवळण्याचा गुणांक वर्षाला १० चौरस सेंमी धरा. नुसत्या ढवळण्याने जो आलेख येतो त्यावरून ‘दर’ काढला तर वर्षाला ०.५६ सेंमी निघतो. असे आकडे अहवालांत सर्रास छापले जातात.

उपाय दोन. दर काढताना ढवळलेला वरचा भाग वगळून त्याखालचा उतार घ्या. आणि सिझियम-१३७ ने पडताळा. ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीच्या अणुचाचण्यांपासून गाळात येऊ लागलं, सर्वाधिक १९६३ च्या सुमारास. सिझियम सापडणारी सर्वांत खालची खोली घ्या, तिच्यातून ढवळलेल्या थराची जाडी वजा करा, उरलेल्याला तेव्हापासूनच्या वर्षांनी भागा. शिशाने दिलेला दर याहून बराच मोठा असेल तर तो ढवळण्याचा दर आहे.

पुराचा थर टिकणार की नाही हेही यावरूनच ठरतं. दर वर्षाला अर्धा सेंमी आणि ढवळण १० सेंमी असेल तर थराला सुरक्षित खोलीत जायला वीस वर्षं लागतात. २ सेंमीचा थर तेवढ्यात पुसला जातो. ८ सेंमीच्या थराचा खालचा भाग वाचू शकतो. मासेमारीची तळजाळी जिथे वारंवार फिरतात तिथे वरचे काही सेंटिमीटर किड्यांशिवायही विस्कटलेले असतात, ते आधी विचारून घ्यावं.

नवा_वाचक

पुराच्या थरात शिसे जास्त मिळतं की कमी? ताजा चिखल म्हणजे जास्त असायला हवं ना?

गाभानळी

कमी मिळतं. मंचावरच्या चिखलातलं बरंच शिसे समुद्राच्या पाण्यातून येतं. कण पाण्यात जितका जास्त वेळ वावरतो तितकं त्याच्यावर चिकटतं. पुराचा चिखल घाईने येऊन पडतो, वावरायला वेळच नसतो. म्हणून आलेखात अचानक खड्डा दिसला, तिथेच चिकणमातीचं प्रमाण वाढलेलं असलं आणि एक्सरेत बिळं नसलेला एकसारखा पट्टा असला, तर तो पूर समजावा. खड्डा ‘चूक’ म्हणून गाळून टाकू नका.

लाटमापी

उपकरणांबद्दल एक-दोन गोष्टी राहिल्या. पाण्यातला गाळ मोजणारे प्रकाशीय सेन्सर दाट चिखलात खोटं बोलतात. लिटरमागे दहा-वीस ग्रॅमपर्यंत संकेत वाढतो, पुढे प्रकाशच अडल्यामुळे उलट घटू लागतो. त्यामुळे ५ आणि ६० ग्रॅमचं वाचन सारखं येऊ शकतं. कॅलिब्रेशन त्याच जागेच्या चिखलाने करावं आणि शेजारी ध्वनिउपकरण ठेवावं.

खोली मोजतानाही तसंच. २०० किलोहर्ट्झच्या आसपासचा ध्वनी पातळ चिखलाच्या माथ्यावरून परततो, ३० किलोहर्ट्झच्या आसपासचा आत शिरून घट्ट तळापर्यंत जातो. दोन वाचनांतला फरक म्हणजे पातळ चिखलाची अंदाजे जाडी. एकाच फ्रीक्वेन्सीच्या दोन सर्वेक्षणांची वजाबाकी करून ‘इतका गाळ साठला’ म्हणणं धोक्याचं, कारण लाटा पडून चिखल दबला तरी तळ खाली गेलेला दिसतो. आणि ध्वनिछेदात काळा पडदा आला, खालचं काही दिसेना झालं, तर बहुधा चिखलात मिथेन वायू आहे. तिथे थराची जाडी वाचता येत नाही. शेजारच्या स्वच्छ भागातून रेषा ओढून अंदाज बांधावा लागतो.

पोयटा

दर सेंटिमीटरमध्ये सांगून थांबू नये, तो वजनात आणावा. सच्छिद्रता (चिखलाच्या आकारमानातला पाण्याने भरलेला भाग) ८० टक्के असेल तर घनसेंमीमागे सुका गाळ ०.५३ ग्रॅम. वर्षाला अर्धा सेंमी म्हणजे चौरस मीटरमागे २.६५ किलो. सच्छिद्रता अंदाजाने ७० टक्के धरली तर तोच आकडा दीडपट होतो, म्हणून ती प्रत्येक चकतीची मोजावी. मिठाची वजावटही विसरली जाते. ८५ टक्के सच्छिद्रतेच्या चिखलात वाळवल्यानंतरच्या वजनातलं सुमारे ७ टक्के निव्वळ मीठ असतं.

आता ३० किमी बाय २० किमीचा पट्टा घ्या. वरच्या दराने वर्षाला सुमारे १६ लाख टन. हा आकडा नदीच्या वार्षिक गाळाशी ताडून पाहिला की किती टक्के मंचावर राहिला ते कळतं. इथे दोन काळांची सरमिसळ टाळायला हवी. शिसे शंभर वर्षांची सरासरी देतं. नदीवर धरण चाळीस वर्षांपूर्वी झालं असेल आणि तुलना आजच्या गाळाशी केली तर मंचावर नदीने आणल्याहून जास्त चिखल साठल्यासारखा दिसेल. चांगज्यांगचा गाळ पूर्वी वर्षाला ४८ कोटी टनांच्या आसपास होता. ‘तीन घळींचं’ धरण २००३ मध्ये भरू लागल्यानंतर तो १५ कोटी टनांच्याही खाली आला. मुखाजवळचा पाण्याखालचा उतार काही भागांत आता झिजू लागला आहे, म्हणजे जुना साठाच दक्षिणेच्या पट्टीला गाळ पुरवतो आहे.

खाडीकाठ

शेवटचं विचारतो. एखाद्या मध्यम नदीसमोर कोअर कुठे घ्यायचे हे ठरवायचं असेल तर सुरुवात कशी करावी?

उतारवाट

आधी ध्वनिछेद, मग कोअर. ३.५ किलोहर्ट्झ किंवा चर्पचा (बदलत्या फ्रीक्वेन्सीच्या ध्वनीचा) छेद किनाऱ्याला लंब रेषांवर घ्या, वाळूपासून वाळूपर्यंत. चिखलाचा वेज (पाचरीसारखा थर) कुठे जाड, कुठे संपतो हे दिसेल. त्या परिसरातल्या मोठ्या उधाणाचा आवर्तकाळ घेऊन लाटेचा तळवेग खोलीनुसार काढा. तो सेकंदाला ५० वरून २० सेंमीवर उतरतो तो पट्टा पहिला संशयित. त्यात कोअर दाट, बाहेर विरळ. रेषा नदीमुखासमोरच मांडू नका. पुराच्या वेळी वारा आणि किनारी प्रवाह ज्या दिशेने असतो तिकडे जास्त, कारण पट्टा बहुधा मुखापासून सरकलेला असतो, ईलच्या बाबतीत १० ते ३० किमी.

पुरानंतर पहिली फेरी शक्य तितकी लवकर, बेरिलियम मोजता येईल अशी. दुसरी फेरी एक वादळी हंगाम गेल्यावर, त्याच जागांवर. पहिल्यात पडलेलं दिसेल, दुसऱ्यात राहिलेलं. आणि जिथे बॉक्स कोअर वाळूवर आपटून रिकामा आला त्या जागेचीही नोंद करा. पट्ट्याची कड तिथेच ठरते, आणि क्षेत्रफळ चुकलं की टनांचा सगळा हिशेब चुकतो.